पीट टायलरचा मृत्यू आणि दादरमधला एक लांबलेला वाद

'डॉक्टर हू' या ब्रिटिश कालप्रवास-मालिकेतल्या दोन एपिसोडांचा मेळ बसत नाही, एवढीच मूळ तक्रार होती. 14 मे 2005 रोजी दाखवलेल्या 'फादर्स डे'मध्ये मालिकेचा नायक, डॉक्टर नावाचा कालप्रवासी, याच्यासोबत हिंडणारी रोझ टायलर 1987 सालात जाते आणि गाडीखाली सापडून मेलेल्या आपल्या वडिलांना, पीटला, वाचवते. त्यासरशी काळाला जखम होते. रीपर नावाचे पंखवाले प्राणी ती जखम निर्जंतुक करायला उतरतात, म्हणजे दिसेल त्या माणसाला संपवत सुटतात. नोव्हेंबर 2009 मधल्या 'द वॉटर्स ऑफ मार्स'मध्ये खुद्द डॉक्टर मंगळावरच्या तळावरून तिघांना उचलून पृथ्वीवर आणतो. त्या तळाचा शेवट हा 'फिक्स्ड पॉइंट' आहे, त्याला हात लावता येत नाही, हे त्यानेच आधी सांगितलेलं असतं. तिथे एकही रीपर फिरकत नाही. का?

प्रश्न टाकला आमच्यातल्या एडिटरने. अंधेरीत मालिकांचं संकलन करणारा हा मुलगा, विसंगती पकडणं हेच त्याचं काम. आम्ही जमतो दादर पूर्वेला, हिंदू कॉलनीतल्या एका जुन्या इमारतीत. माटुंग्याच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे सर असतात, हायकोर्टात प्रॅक्टिस करणारी वकीलताई असते, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी असते, आणि गिरगावात वाढलेले, आता डोंबिवलीहून लोकल पकडून येणारे काका असतात. टिपणं मी ठेवते. हा वाद एका संध्याकाळी मिटेल असं वाटलं होतं, तो पावसाळाभर चालला. तो पूर्ण लिहून ठेवावा असं मला वाटलं, कारण मालिका चुकली की बरोबर हे ठरवायला बसलेली माणसं हळूहळू कितीतरी खोल प्रश्नाकडे सरकत गेली.

आधी मालिकेविषयी थोडं

पहिला भाग 23 नोव्हेंबर 1963 रोजी बीबीसीवर दाखवला गेला. त्या पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन लखनौत जन्मले आणि त्यांचं लहानपण मुंबईत गेलं. काकांना ही गोष्ट फार प्रिय आहे, आणि मलाही. मालिका 1989 मध्ये थांबली आणि 2005 मध्ये पुन्हा सुरू झाली. 'फादर्स डे' त्या नव्या पर्वाच्या पहिल्याच वर्षातला.

साठ वर्षं, अनेक लेखक, अनेक निर्माते. नियम एकच राहील कसा? 1964 च्या 'द अझ्टेक्स'मध्ये डॉक्टरच्या सोबतच्या बार्बराला नरबळी थांबवायचे असतात आणि डॉक्टर तिला बजावतो की इतिहासातली एक ओळही बदलता येत नाही. वर्षभरानंतर, 1965 च्या 'द टाइम मेडलर'मध्ये एक भिक्षूवेषधारी 1066 ची हेस्टिंग्जची लढाई उलटवायला निघतो, आणि डॉक्टर जिवाच्या आकांताने त्याला अडवतो. बदलता येतच नसेल तर अडवायचं कशाला? 1975 च्या 'पिरॅमिड्स ऑफ मार्स'मध्ये त्याची तेव्हाची सोबतीण सारा म्हणते, मी 1980 ची आहे, म्हणजे जग 1911 मध्ये संपलेलं नाही, चला निघू. डॉक्टर तिला 1980 मध्ये नेऊन उजाड, मेलेली पृथ्वी दाखवतो. 1911 मधला शत्रू आत्ता थांबवला नाही तर तिचं 1980 हे असं असेल.

एडिटरचं म्हणणं होतं की हा सगळा निष्काळजीपणा आहे. मला ते पटलं नाही. तिन्ही कथांत नियम वेगळा आहे, पण प्रत्येक कथेत तो शेवटपर्यंत पाळलेला आहे. त्याचा प्रश्न मात्र खरा होता, कारण 'फादर्स डे' आणि 'वॉटर्स ऑफ मार्स' एकाच पर्वातले आहेत.

सगळ्यात सोपं उत्तर पहिल्याच बैठकीत आलं आणि तिथेच पडलं. पूर्वी टाइम लॉर्ड, म्हणजे डॉक्टरच्या जमातीचे लोक, अशा जखमा भरून काढत, आता ते उरले नाहीत म्हणून रीपर मोकाट सुटले, असं डॉक्टर 'फादर्स डे'मध्ये सांगतो. पण मंगळाच्या गोष्टीतही टाइम लॉर्ड नाहीतच. जे कारण दोन्हीकडे सारखंच हजर आहे, त्याने फरक समजावता येत नाही.

सरांचा कॅरमबोर्ड

सरांनी घरातला कॅरमबोर्ड मागवला. स्ट्रायकर एका पॉकेटात गेला आणि थोडा आधीच दुसऱ्या पॉकेटातून बाहेर आला, असं समजा. बाहेर आलेला स्ट्रायकर पॉकेटाकडे निघालेल्या स्वतःलाच जोरात धडकला, तर तो पॉकेटात जाणारच नाही. मग बाहेर आला कोण? भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ पोल्चिन्स्की यांनी हाच पेच बिलियर्डच्या चेंडूंवर मांडला होता. किप थॉर्न आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये गणित करून दाखवलं की सुसंगत मार्ग निघतो. बाहेर आलेला चेंडू स्वतःला फक्त ओझरता लागतो. त्या ओझरत्या धक्क्याने वाट जराशी वळते, चेंडू थोडा तिरका आत जातो, आणि तिरका आत गेला म्हणूनच बाहेर येऊन ओझरता लागतो. नोव्हिकोव्ह यांचं सुसंगतीचं तत्त्व म्हणतात ते हेच: काळाची वाट वळून स्वतःला मिळाली, तरी तिच्यावर एकमेकांना खोडणाऱ्या घटना घडतच नाहीत. आजोबांवर बंदूक रोखणाऱ्या नातवाचा नेम काही ना काही कारणाने चुकतोच.

दुसरा पर्याय फांद्यांचा. ह्यू एव्हरेट यांनी 1957 मध्ये मांडलेल्या अनेक-विश्व कल्पनेचा आधार घेऊन डेव्हिड डॉइच यांनी 1991 मध्ये म्हटलं की प्रवासी दुसऱ्याच फांदीवर उतरतो, म्हणून पेच उरत नाही. तिसरा पर्याय हॉकिंग यांचा, 1992 चा: भूतकाळात जाणं निसर्गच होऊ देत नाही. 28 जून 2009 रोजी त्यांनी कालप्रवाशांसाठी पार्टी ठेवली आणि आमंत्रणं नंतर जाहीर केली. कुणी आलं नाही.

"यातलं 'फादर्स डे'ला कोणतं लागू पडतं?" वकीलताईने विचारलं.

सर थांबले, मग म्हणाले, "एकही नाही."

इथून पुढचं काम एडिटरने केलं, आणि फार छान केलं. एपिसोडच्या सुरुवातीच्या भागात रोझ आपली आई जॅकी हिच्याकडून ऐकलेली हकिगत सांगते की बाबा एका गाडीखाली गेले, चालक पळून गेला, जवळ कुणी नव्हतं. शेवटी आई स्वतः तीच हकिगत सांगते, आणि ती बदललेली असते. चालक पोरगेलासा होता, तो थांबला. आणि कुणी एक मुलगी पीटचा हात धरून बसली होती, ती कोण ते कधीच कळलं नाही. नोव्हिकोव्ह यांचं तत्त्व लागू असतं तर ती मुलगी सुरुवातीच्या हकिगतीतही असायला हवी होती. ती नाही. म्हणजे इतिहास खरोखर बदलला. फांद्यांचं तत्त्व लागू असतं तर रोझ दुसऱ्याच विश्वात उतरली असती, जखम झालीच नसती. काळ एकच आहे, तो बदलता येतो, पण बदललात तर दुखतं, असा हा चौथाच प्रकार, आणि तो या कथेने स्वतःसाठी घडवलेला आहे.

पुरावा कशाला म्हणायचं

वादाला खरं वळण वकीलताईने दिलं. तिचं म्हणणं असं की आपण सगळे डॉक्टरच्या तोंडची वाक्यं कायदा म्हणून वापरतो आहोत, आणि तो तर साक्षीदार आहे. शिवाय 'पहिला नियम: डॉक्टर खोटं बोलतो' हे मालिकेनेच 2010 मध्ये रिव्हर साँग या पात्राच्या तोंडी घातलेलं आहे. तेव्हा पडद्यावर घडताना दिसतं ते वरच्या दर्जाचं, कुणी बोलून दाखवतं ते खालच्या दर्जाचं, आणि लेखकांच्या मुलाखती विचारात घ्यायच्याच नाहीत. दोन एपिसोड एकमेकांविरुद्ध गेले तर नंतरचा आपोआप खरा ठरत नाही. कोर्टात सारख्या संख्येचं एक पीठ दुसऱ्या पीठाचा निकाल रद्द करू शकत नाही. आधी दोन्हींचा मेळ घालणारा अर्थ शोधायचा, आणि तो मिळालाच नाही तर प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवायचं.

हे मान्य झालं आणि चर्चेचा सूरच बदलला. "पण तो म्हणाला होता ना" हे वाक्य बंद झालं. माणसं एपिसोड पुन्हा बघून येऊ लागली.

पुन्हा बघितल्यावर सरांना हवा तो धागा सापडला. रोझ त्या रस्त्यावर दोनदा जाते. पहिल्या वेळी ती गोठून जाते, वडील मरतात. मग ती डॉक्टरला परत न्यायला लावते, आणि पहिले ते दोघे कोपऱ्यावर उभे असताना दुसरी रोझ त्यांच्यासमोरून धावत जाते. पीट वाचतो, आणि पहिले दोघे डोळ्यांदेखत नाहीसे होतात. आपण तिथे दोनदा आल्याने ती जागा कमकुवत झाली, हे डॉक्टरही बोलतो. पण इथे त्याच्या शब्दावर विसंबायची गरज नाही, कारण ते नाहीसं होणं पडद्यावर दिसतं. रोझच्या कृतीने त्या कृतीचं कारणच पुसलं. वडील मेले नाहीत तर ती परत येईल कशाला? कॅरमबोर्डावरचा जोरदार धक्का तो हाच.

मंगळावर असं काही नाही. तळाची प्रमुख अ‍ॅडलेड ब्रूक 21 नोव्हेंबर 2059 ला तळाच्या स्फोटात मरते, हे डॉक्टरला माहीत असतं. पण तो तिथे तिला वाचवायला आलेलाच नसतो. ती वाचल्याने त्याच्या येण्याचं कारण पुसलं जात नाही. जखम गुन्ह्याच्या आकाराने होत नाही, स्वतःलाच खोडण्याने होते, असं सरांनी मांडलं. मग 2013 चा 'द डे ऑफ द डॉक्टर' उलटतपासणीला आला. तिथे डॉक्टरची वेगवेगळ्या काळातली अनेक रूपं एकत्र येऊन त्याचा मूळ ग्रह गॅलिफ्रे वाचवतात आणि तरी रीपर येत नाहीत. सरांची मांडणी तिथेही टिकली. बाहेरून पाहणाऱ्याला ग्रह नष्ट झाल्यासारखाच दिसतो आणि आधीच्या डॉक्टरांना काही आठवत नाही, म्हणून पुढचं कुठलंच कारण खोडलं जात नाही.

तर्काच्या दृष्टीने एडिटरच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं होतं. त्याने ते मोकळ्या मनाने मान्यही केलं.

ताईचं वेगळं निरीक्षण

पण वकीलताई थांबली नाही. दोन्ही कथा शेजारी ठेवल्या की आणखी एक साम्य दिसतं, ती म्हणाली. पीटला मारणारी गाडी कायमची नाहीशी होत नाही, सगळे लपलेले असतात त्या चर्चजवळ ती पुन्हा पुन्हा प्रकटत राहते. हे सगळं कशामुळे चाललंय ते पीटला स्वतःलाच कळतं. डॉक्टर त्याला जा म्हणत नाही. तो मुलीचा निरोप घेतो आणि आपणहून गाडीसमोर जातो. अ‍ॅडलेड लंडनमध्ये आपल्या घराच्या दारात सुखरूप उभी असते, आणि डॉक्टर आपण काळाचे धनी असल्याच्या घमेंडीत बोलत असतो. ती आत जाते आणि स्वतःवर गोळी झाडते. तिच्या मृत्यूमुळेच तिची नात पुढे अंतराळात जाणार असते, हे त्यानेच तिला सांगितलेलं असतं. दोन्हीकडे काळ सावरतो तो मरणाऱ्या माणसाच्या निर्णयाने. आणि दोन्हीकडे जुना इतिहास जसाच्या तसा परत येत नाही, तपशील बदलतात. पीट एकटा मरत नाही. अ‍ॅडलेड मंगळावर मरत नाही.

यावर इंजिनिअरिंगच्या मुलीने 2018 चा 'डिमन्स ऑफ द पंजाब' काढला. हा एपिसोड आमच्यापैकी बहुतेकांना नीट बोलूनही दाखवता येत नाही. ऑगस्ट 1947. डॉक्टरसोबत हिंडणारी यास्मिन आपल्या आजीचं तरुणपण बघायला जाते आणि तिला कळतं की आजी, उंब्रीन, आपल्या आजोबांशी नाही तर प्रेम नावाच्या एका हिंदू तरुणाशी लग्न करते आहे. फाळणीच्या त्या दिवसांत प्रेमला जमाव मारणार आहे, आणि त्या जमावात त्याचा धाकटा भाऊ आहे. प्रेम वाचला तर यास्मिन जन्मणार नाही. म्हणजे ही तंतोतंत 'फादर्स डे'ची मांडणी, पण इथे कुणी धावत जात नाही. ते पाठ फिरवून चालू लागतात आणि मागे गोळीचा आवाज येतो. ज्यांना आपण मारेकरी समजत होतो ते थिजेरियन परग्रहवासी त्याच्यापाशी उभे असतात. एकटं मरणाऱ्यांच्या शेवटच्या क्षणी हजर राहायचं, हे व्रत त्यांनी घेतलेलं असतं.

"रोझ शेवटी तेच करते," ती म्हणाली. "वाचवत नाही. हात धरून बसते."

माझ्या मते या सगळ्या वादातलं सगळ्यात मोलाचं वाक्य हे आहे. कालप्रवासाच्या कथेत काय बदलता येतं, असं आपण विचारत बसतो. या मालिकेने चौदा वर्षांच्या आत दोनदा, दोन वेगवेगळ्या लेखकांच्या हातून, एकच उत्तर दिलं: मृत्यू बदलत नाही, एकटेपणा बदलता येतो. सरांची अट कथेला तर्कात बांधून ठेवते, आणि ती हवीच, कारण ती नसती तर रोझने हात धरण्याला काही अर्थ उरला नसता. दुसऱ्या फेरीत वाचवता आलं असतं तर कुणी हात का धरावा? नियम कडक आहे म्हणूनच ती कृती एवढी मोठी होते. चाहते नियमांवर भांडतात तेव्हा बाहेरच्यांना तो नसता खटाटोप वाटतो. मला वाटतं, नियमांची काळजी करणं म्हणजे त्या पात्रांच्या दुःखाची काळजी करणंच आहे.

काकांचं पानिपत

काका इतका वेळ ऐकत होते. त्यांनी विषय आपल्या अंगणात आणला. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा जगात जातात, जिथे मराठ्यांनी पानिपत जिंकलेलं आहे. 14 जानेवारी 1761 ला विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात कानाजवळून निघून जाते. मुंबई मात्र तिथेही इंग्रजांकडे असते. पंत पुण्याहून रेल्वेने येतात आणि टाउन हॉलमधल्या ग्रंथालयात बसून बखर वाचतात. सर म्हणाले, "काका, ही फांद्यांची गोष्ट झाली. तिथे बदल नाही, नुसतं पलीकडे जाणं आहे."

"पण सर, पंत तिथून काय घेऊन येतात? बखरीचं पान," काका म्हणाले. "त्यांनाही काही बदलता येत नाही. ते पाहून येतात आणि पुरावा आणतात."

पानिपताबद्दल मराठी माणसाच्या मनात असलेली हुरहुर मला ठाऊक आहे, घरोघरी आहे. म्हणून काकांचं म्हणणं मला नीट कळलं. विश्वासरावांना वाचवणारी कथा लिहिणं सोपं होतं. नारळीकरांनी ते केलं नाही. त्यांनी बचावलेले विश्वासराव दाखवले आणि वाचकाला त्याच्या स्वतःच्या जगात परत आणून सोडलं.

फिक्स्ड पॉइंट कोण ठरवतं, यावरही काकांनी एक भर घातली. 1 जानेवारी 1906 पासून देशात प्रमाणवेळ सुरू झाली, पण मुंबईच्या महापालिकेची घड्याळं पुढची कित्येक दशकं मुंबईच्या जुन्या वेळेवरच चालली, 39 मिनिटं मागे. तेवढा काळ या शहरात एकाच क्षणाला दोन वेळा होत्या आणि दोन्ही अधिकृत होत्या. 1964 चा डॉक्टर आणि 2009 चा डॉक्टर यांचे नियम जुळले नाहीत म्हणून एकाला खोटं ठरवायची घाई नको, एवढंच त्यांना सांगायचं होतं. एडिटरला हे मान्य नाही. घड्याळं दोन असली तरी क्षण एकच होता आणि 39 मिनिटं मिळवली की हिशोब जुळत होता, इथे तसं मिळवायला काय आहे, असं तो म्हणतो. त्याचा आक्षेप रास्त आहे.

जे सुटलेलं नाही

पुढच्या चर्चांसाठी दोन गोष्टी सर्वांनी स्वीकारल्या: पुराव्याचा ताईने सांगितलेला क्रम, आणि जखम स्वतःला खोडल्याने होते ही सरांची अट. ताईचं स्वतःचं निरीक्षण, काळ मरणाऱ्याच्या निर्णयाने सावरतो, हे मात्र नियम म्हणून टिकलं नाही. 2008 चा 'द फायर्स ऑफ पाँपेई' आडवा आला. इसवी सन 79 चा उद्रेक अटळ आहे, तो घडवून आणणारा खटका डॉक्टर आणि त्याची सोबतीण डोना स्वतःच दाबतात, आणि तरी डोनाच्या रडण्यापुढे नमून डॉक्टर केसिलियस या रहिवाशाचं कुटुंब बाहेर काढतो. त्यांच्यापैकी कुणीही नंतर मरण स्वीकारत नाही, आणि काळाला काही होत नाही.

मुलीने तोड सुचवली. 2012 च्या 'द एंजल्स टेक मॅनहॅटन'मध्ये नियम असा आहे की पुढे काय होणार ते एकदा वाचलं की ते पक्कं होतं. अ‍ॅडलेडच्या मृत्यूची बातमी डॉक्टरच्या स्मरणात नावानिशी, वयानिशी आहे, ती पानं आपल्याला पडद्यावर दिसतात. केसिलियसच्या घरच्यांचं काय झालं, हे त्याने कुठे वाचल्याचं त्या कथेत दिसत नाही. तिथे अटळ आहे तो ज्वालामुखी, ती चार नावं नाहीत.

एडिटरने लगेच विचारलं, मग पीटच्या मृत्यूची हकिगत तर रोझने लहानपणापासून ऐकलेली होती, ती कशी बदलली? मुलीचं उत्तर असं की ऐकलेलं आणि वाचलेलं यांत फरक करावा लागेल. आईने सांगितलेली गोष्ट ही साक्ष आहे, दस्तऐवज नाही. वकीलताईला हा फरक आवडला आहे, पण मालिकेने तो आणखी कुठे पाळलाय हे दाखवल्याशिवाय ती तो नोंदवून घेणार नाही. मुलगी आता सुरुवातीच्या वर्षांतल्या कथा बघते आहे. साठच्या दशकातले अनेक भाग बीबीसीने पुसून टाकल्याने तिथला पुरावा अपुरा आहे, आणि जिथे केवळ ध्वनिमुद्रण उरलं आहे, तिथे ते 'दिसलेलं' धरायचं की 'बोललेलं', यावर सर आणि ताई यांचं अजून एकमत झालेलं नाही.